गोरखचा नंबर मी कापला

थोरल्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते, तेव्हा मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी म्हणालो, "नंबर लावतो." त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि आपल्या बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं, मी मटक्याचे आकडे घेतो. एस्तेरने, म्हणजे माझ्या बायकोने, घाईघाईने खुलासा केला म्हणून ते लग्न झालं. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी 'ट्रक संघटनेत क्लार्क' असं सांगून मोकळा होतो. पण बत्तीस वर्षं मी खरोखर नंबरच लावले.

काम समजायला अगदी सोपं आहे. माल उतरवून रिकामा झालेला ट्रक नगरच्या अड्ड्यावर येऊन उभा राहतो. (आता अहिल्यानगर म्हणायचं. माझ्या जिभेला अजून सवय व्हायची आहे.) ड्रायव्हर माझ्या खिडकीशी येतो, मी वहीत त्याचं नाव आणि गाडी नंबर लिहितो. व्यापाऱ्याचा फोन आला की वहीत सगळ्यात वर ज्याचं नाव असेल त्याला पुकारा करायचा. माल कुठला, जायचं कुठे, हे सांगायचं. तो गेला की खालचा वर येतो. कुणी कुणाचा पाहुणा असो, कुणाची गाडी नवी असो, नगरसेवकाचा फोन असो, वही वरून खाली वाचायची. तीन पुकाऱ्यांत ड्रायव्हर समोर आला नाही तर त्याचं नाव कापायचं आणि सगळ्यात खाली नव्याने लिहायचं. याला आमच्यात 'नंबर जाणं' म्हणतात. कामाचे दिवस असले तर गेलेला नंबर संध्याकाळपर्यंत परत लागतो. मंदी असली तर पाच-सहा दिवस अड्ड्यावरच स्टोव्ह पेटवून बसावं लागतं.

माझ्या आधीच्या क्लार्कच्या काळात वहीची पानं फाटायची, नावं रातोरात वर सरकायची, आणि मग चाकं खोलायच्या लोखंडी टॉम्या घेऊन मारामाऱ्या व्हायच्या. मी आलो आणि ते बंद झालं. हे मी स्वतःच सांगतोय, पण दुसरं कुणी सांगणार नाही म्हणून सांगतोय. ड्रायव्हर मला 'मास्तर' म्हणायचे. शेवगावचा एक ड्रायव्हर दाढी करायला जाताना आपला रेडिओ बाकावर ठेवून गेला आणि मला म्हणाला, "मास्तर, ह्यो हाय म्हंजी मी हाय." मी तीन पुकारे दिले. रेडिओ बातम्या सांगत राहिला. मी नाव कापलं.

गोरखची गोष्ट तर सगळ्या अड्ड्याला पाठ होती. गोरख पारनेरकडचा, स्वतःच्या गाडीवर स्वतःच ड्रायव्हर. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. त्याच्या हळदीच्या दिवशी पुण्याच्या भाड्याला त्याचा नंबर लागला. त्याने चुलतभावाला पाठवून निरोप दिला, दोन दिवस नंबर थांबवा. मी म्हणालो, वहीत हळद लिहायला रकाना नाही. तासाभराने, तिसऱ्या पुकाऱ्याच्या आत, गोरख कुणाच्या तरी राजदूत मोटारसायकलवर मागे बसून आला. तोंडाला हळद, हातात कट्यार, तिच्या टोकाला लिंबू. गाडी भरली, पुण्याला खाली केली आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्ताच्या वीस मिनिटं आधी मांडवात पोचला. त्याची बायको अजून म्हणते, तुमचे मास्तर आमच्या लग्नात आडवे आले. पण त्या दिवसापासून गोरख माझा झाला. भिंगारला आमच्या घरी नाताळच्या करंज्या खायला तो न चुकता यायचा, आणि त्याच्या शेतातली पहिली ज्वारी आमच्या घरी यायची. मला भाऊ नाही. असता तर तो गोरखइतकाच भांडकुदळ असावा असं मला वाटायचं.

आता लसीच्या वर्षाकडे येतो.

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट आहे. कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती, पण माणसं गेल्याची जखम ताजी होती. आमच्या अड्ड्यावरचेच चार ड्रायव्हर गेले होते. मग कारखान्यांच्या गेटवर, मोठ्या गोदामांवर ट्रक ड्रायव्हरकडे लसीचा दाखला मागायला सुरुवात झाली. दाखला नसेल तर गाडी आत नाही. भरलेल्या गाड्या परत यायला लागल्या, तशी संघटनेच्या कमिटीने बैठक घेतली आणि ठराव केला की ज्याच्याकडे दाखला नाही त्याला नंबर नाही. मला वहीत एक नवा रकाना आखायला सांगितलं. मी तो लाल शाईने आखला.

मला ठराव पटला होता. एस्तेर महापालिकेच्या आरोग्य केंद्रात नर्स. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना टोचत होती. घरी आली की तिला भाकरी थापायला दंड उचलवत नसे, मीच पीठ मळून थापायचो. तिने त्या वर्षात काय काय पाहिलं ते तिने मला निम्मंच सांगितलं असेल. त्यामुळे लस न घेणाऱ्या माणसाचा मला राग यायचा. गोरखने लस घेतली नव्हती. विचारलं की म्हणायचा, "घिऊ की मास्तर, जरा सवड होऊ द्या." दोन महिने हेच चाललं होतं.

ठरावाच्या चौथ्या दिवशी गोरखचं नाव वहीत सगळ्यात वर आलं. सहा दिवस बसून आलेला नंबर. भाडं कोलकात्याचं, कांद्याचं. असं लांबचं भाडं लागलं की ड्रायव्हर पेढे वाटतो. मी पुकारा केला. गोरख खिडकीशी आला.

"दाखला?" मी विचारलं.

"मास्तर, आल्यावर घेतो. शब्द हाय माझा."

"वहीत शब्दाला रकाना नाही."

हळदीच्या वेळी हेच बोललो होतो आणि तेव्हा तो हसला होता. या वेळी हसला नाही. मी त्याच्या नावावर रेघ ओढली आणि खालच्याला पुकारलं. तो भाडं घेऊन गेटबाहेर पडला. इतक्या वर्षांत, समोर उभ्या असलेल्या माणसाचं नाव मी पहिल्यांदा कापलं. गोरख गाडीकडे गेला. इंजिन सुरू केलं आणि गाडी आणून अड्ड्याच्या गेटमध्ये आडवी लावली. किल्ली खिशात घातली आणि खाली उतरून चाकाला टेकून बसला. अर्ध्या तासात त्याच्या गाडीमागे वीस गाड्या आडव्या झाल्या.

ते तीन दिवस नगर शहर भांडत होतं. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, रविवारी देवळातून बाहेर पडताना आमच्या ख्रिस्ती मंडळींतसुद्धा. एक गट म्हणायचा, हे लोक गावोगाव फिरतात, यांनी लस घ्यायची नाही तर कुणी घ्यायची? दुसरा म्हणायचा, लॉकडाऊनमध्ये तुमच्या घरात दूध-भाजी आली ती यांच्यामुळे, तेव्हा दाखला विचारला होता का? आमचे पाळकसाहेब दोन्ही बाजूंना हो हो म्हणाले आणि दोन्ही बाजू त्यांच्यावर चिडल्या. ड्रायव्हरांतही एकमत नव्हतं. काहींच्या डोक्यात मोबाईलवरचं भलतंसलतं भरलेलं होतं, ते मी नाकारत नाही. एकाला वाटत होतं की लसीने स्टेअरिंग धरायचा हात कायमचा लुळा पडतो. ज्यांनी लस घेतली होती तेही आडव्या गाड्यांत होते, कारण समोर उभ्या गोरखचा नंबर कापलेला त्यांनी पाहिला होता.

आणि पहिल्याच संध्याकाळी मी एक मूर्खपणा केला. गावातल्या एका छोट्या दैनिकाला पत्र लिहिलं, 'एक जागरूक नागरिक' अशी सही करून. चालकांची ही अरेरावी आहे, समाजाच्या आरोग्याशी खेळ आहे, असं सगळं. मला शुद्ध मराठी लिहिण्याची हौस आहे, ती मी भागवून घेतली. शेवटी लिहिलं, 'तीन पुकारे देऊनही जो समोर येत नाही, त्याने नंबर गेल्याची तक्रार करू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापून आलं. मी अड्ड्यावर पोचलो तेव्हा आडव्या गाड्यांच्या सावलीत एक ड्रायव्हर ते मोठ्याने वाचत होता. बाकीचे शिव्या घालत होते. शेवटचं वाक्य आलं आणि गोरखने हात वर केला. "थांब. परत वाच." त्याने परत वाचलं. गोरखने माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या नगरात पुकारा हा शब्द लिहिणारा जागरूक नागरिक एकच होता. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर नाव घेणार. तो म्हणाला, "जाऊ द्या रं. असंल कुनीतरी शिकलेला मानूस." आणि पेपरची घडी करून बुडाखाली घेतली.

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी ताराबाई आल्या. पारनेर तालुक्यातल्याच, साठीच्या शेतकरी बाई. कांदाचाळीत साठवलेला कांदा त्यांनी टेम्पोने मार्केटला आणला होता आणि आमच्या अड्ड्यावरून ट्रक सुटत नाहीत म्हणून व्यापारी तो उचलत नव्हता. पदर खोचून त्या थेट गोरखसमोर उभ्या राहिल्या.

"कांद्याला कोंब फुटाया लागलेत माझ्या. तुमची नाटकं कवा संपायची?"

"मावशी, नाटक न्हाई. आमचा नंबर कापलाय."

"मग घ्या की टोचून! मी बाईमानूस आसून दोन डाव टोचून घेतलं. तुमाला काय धाड भरली? एवढाले गडी, सुईला भेता?"

सगळे हसले. गोरखही हसला. मग म्हणाला, "टोचल्यावर काय झालं मावशी तुमाला?"

"काय व्हायचं? दोन दिस ताप. आंग मोडून आलं."

"मग काय केलंत?"

"काय करनार? निजले. सुनंनं पेज दिली."

"आमी कुठं निजायचं?" गोरख म्हणाला. "आमचा सखाराम गेल्तो लस घ्यायला. ताप भरला, केबिनमधी पडून ऱ्हायला. मास्तरनी तीन पुकारे दिले, त्याला ऐकू आलं न्हाई. नंबर गेला. सा दिस परत बसला हितं. आन् ताप अंगात घिऊन गाडी मारली, झापड आली, कुनाच्या अंगावर घातली, तर? लसीचं भ्या न्हाई मावशी. लस घ्यायला दोन दिस लागत्यात, आन् त्ये दोन दिस आमच्या वहीत न्हाईत."

ताराबाईंनी खोचलेला पदर सोडला. मग माझ्या खिडकीकडे वळून म्हणाल्या, "ह्ये असं हाय व्हय? मग ह्ये लिवनारं कोन बसलंय तिथं?"

मी बसलो होतो. सखारामला तीन पुकारे मीच दिले होते. तेव्हा मला वाटलं होतं, पिऊन पडला असेल.

संध्याकाळी घरी जाऊन हे एस्तेरला सांगितलं. पत्राचंही सांगितलं. ती पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. पत्राचं ऐकून तिने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "माझ्याकडे रोज दोनशे माणसं येतात. एखादा नको म्हणाला तर मी आधी विचारते, का नको? निम्मे लोक कारण सांगतात आणि स्वतःच दंड पुढे करतात. तुम्ही दोन महिन्यांत गोरखला एकदा तरी विचारलंत का, सवड म्हणजे नेमकी कशाची हवी आहे तुला?"

मी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या माणसाला मी फक्त दाखला विचारला होता.

तिसऱ्या दिवशी कमिटीची बैठक बसली. मी एरवी बैठकीत चहा सांगण्यापुरतं बोलायचो. त्या दिवशी उभा राहिलो आणि म्हणालो, लस घेणाऱ्याचा नंबर दोन दिवस थांबवून धरायचा. ताप उतरला की तो जिथे होता तिथेच. अध्यक्ष माझ्याकडे बघतच राहिले. "मास्तर, तुम्ही? थांबलेला नंबर म्हणजे मेलेला नंबर, हे तुमचंच ना?" एक गाडीमालक म्हणाले, आज ताप म्हणून थांबवाल, उद्या सासू मेली म्हणून थांबवाल, वहीची धर्मशाळा होईल. त्यांचं चूक नव्हतं. इतकी वर्षं मीही हेच म्हणत आलो होतो. एक-दीड तास घोळ चालला. शेवटी मी वही आणली आणि टेबलावर ठेवली. म्हणालो, "नियम मीच कडक केला. त्यात माणूस आजारी पडू शकतो हे मी धरलं नाही. ही चूक तशीच ठेवायची असेल तर उद्यापासून पुकारे दुसऱ्या कुणी द्यावेत." निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. बोललो खरा, पण वहीवरचा हात काही काढला नाही.

ठराव झाला. दाखल्याची अट राहिली, पण लस घेणाऱ्याचा नंबर दोन दिवस धरायचा आणि लस अड्ड्यावरच द्यायची. अध्यक्षांनी आरोग्य केंद्राला फोन केला. मी वही घेऊन गेटकडे गेलो.

सगळ्यांना ठराव वाचून दाखवला. मग म्हणालो, "कालचं ते पेपरातलं पत्र मी लिहिलं होतं." नंतर कळलं, गोरख सोडून कुणाला खरंच कळलं नव्हतं. म्हणजे मी बोललो नसतो तरी चाललं असतं. पण मला चाललं नसतं.

"गोरख," मी म्हणालो, "तुझा नंबर मी चुकीचा कापला. तुझं नाव वर घेतो. उद्या लस घे, ताप उतरला की पहिलं भाडं तुझं."

गोरख उठला, पँट झटकली, माझ्याजवळ आला. वहीत बोट फिरवत त्याने खालपर्यंत नावं मोजली.

"माझ्या मागं एकतीस गाड्या हायत मास्तर. मला वर घेतलं की ह्ये एकतीस जन एकेक खाली. त्यांनी काय केलं? माझ्यासंगं तीन दिस आडवेच हुते की."

"पण चूक माझी आहे."

"तुमची हाय म्हनून त्यांनी भरायची व्हय?" तो म्हणाला. "खाली लिवा. सगळ्यात खाली. आन् नीट लिवा, तुमचं अक्षर आज वाकडं यायलंय."

मी बत्तिसावं नाव लिहिलं. त्याला न्याय देण्याचं समाधानसुद्धा त्याने मला दिलं नाही, आणि ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी एस्तेर आणि तिची सहकारी निळा डबा घेऊन अड्ड्यावर आल्या. ताडपत्री बांधून सावली केली. मोबाईलवरचं भलतंसलतं डोक्यात असलेल्या दोघांनी नाहीच घेतली, ते पुढे दुसऱ्या गावच्या अड्ड्यावर गेले. बाकीचे रांगेला लागले. रांग माझ्या देखरेखीखाली, वहीप्रमाणे. गोरख शेवटचा. एस्तेरला म्हणाला, "वहिनी, हळू. मी सुईला खरंच भेतो." आम्ही दोघंही बघत राहिलो. एवढा दांडगा माणूस, आणि सुई बघून डोळे घट्ट मिटून बसला. मग मला म्हणाला, "आता सगळ्यात खाली हाय, तापाला भरपूर सवड हाय." दोन दिवस केबिनमध्ये फणफणत पडला. एस्तेर पेज करून द्यायची, मी सायकलवरून डबा न्यायचो.

तुंबलेला माल भराभर निघाला. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास वहीत गोरखचं नाव वर आलं. भाडं नागपूरचं, साधंच. कोलकात्याचं भाडं त्या दिवशी दुसरा घेऊन गेला होता, ते काही परत आलं नाही.

मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि नाव पुकारायला गेलो. आवाजच फुटला नाही. तोंड उघडून तसाच उभा राहिलो. अड्ड्यावर चाळीस-पन्नास माणसं होती. सखाराम स्टोव्हपाशी चहा गाळत होता, त्याने माझ्याकडे पाहिलं, गाळणं खाली ठेवलं आणि ओरडला, "गोऽरख!" मग दुसरा ओरडला. मग सगळा अड्डा.

गोरख केबिनमधून खाली उडी मारून खिडकीशी आला. माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"मास्तर, घसा बसला व्हय? तुमी तरी घेतलीय ना लस?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"मग दाखवा दाखला," गोरख म्हणाला, आणि भाड्याचा कागद घ्यायला पुढे केलेला हात त्याने मागे घेतला. मी खरंच खिशातून तो घडी घातलेला कागद काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो वरपासून खालपर्यंत वाचला, नीट घडी करून परत दिला आणि मगच भाडं घेतलं.